डोरीनचं लिथियम

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, पुठ्ठ्याच्या खोक्यातून
कोणाचंच नसलेलं रक्त येतं.
तीन कुप्या, तळाशी फिकट पिवळी पापडी,
वर फक्त नंबर. वय नाही, वॉर्ड नाही,
बाहेर खुर्चीत ताटकळणारं कोणी नाही.
खरं उत्तर दूर कुठल्या तरी कपाटात कुलूपबंद,
आणि देशभरातल्या प्रयोगशाळा
आज तेच मोजणार, एकमेकींना न विचारता.

हडर्सफील्डला नवी होते तेव्हा
या कुप्यांशी मी व्याह्यांसारखी वागायचे.
मशीन पुसायचं, पिपेट नवं काढायचं,
आकडा आला की पुन्हा मोजायचा, मनाला बरं वाटावं म्हणून.
ग्लेनिसने एकदा मनगटच धरलं.
"लाड नकोत, लव्ह. हिला रांगेत उभी कर."
आणि नंबराखाली पेन्सिलीने लिहिलं: डोरीन.
मार्सडेनची. दोन मांजरं. डावा गुडघा दुखतो.
बस चुकली म्हणून उशीर झालाय तिला.
"आता मोज."

पाच मिलिलिटर पाणी. अर्धा तास थांबायचं.
हलवायचं नाही, नुसतं फिरवायचं.
लिथियम: शून्य पॉइंट बासष्ट.
एकदाच मोजलं. पाठवून दिलं.
खिडकीतून कॅसल हिलचा मनोरा दिसत नव्हता,
म्हणजे नेहमीसारखाच दिवस.

तीन आठवड्यांनी आलेख आला.
सगळ्यांचे ठिपके पंगतीला बसल्यासारखे दाटीवाटीने,
आमचा एक डावीकडे लांब,
चपला शोधत असल्यासारखा.
डोरीन होती शून्य पॉइंट ऐंशी.

पण आमचं कंट्रोल तर रोज बरोबर येत होतं!
रोज.
ग्लेनिसने फ्रिज उघडला, काही बोलली नाही.
तिसऱ्या कप्प्यात कॅलिब्रेटर, त्याला खेटून कंट्रोल,
दोघांची टोपणं अर्धीच फिरवलेली.
दोघांतलं पाणी सारखंच उडत गेलेलं,
दोघे सारखेच घट्ट होत गेलेले,
रोज सकाळी एकमेकांची साक्ष काढणारे
एकाच माळेचे मणी,
आणि साक्षीखाली सही माझी.
बाटलीवर उघडल्याची तारीख, पुढे आद्याक्षरं.
इंग्रजीत होती, पण वळण मराठी शाळेतलं.

मापात पाप, म्हणतात आमच्याकडे.
मला वाटायचं, त्याला निदान दुकानदार लागतो,
तागडीवर दाबलेला अंगठा लागतो.

पाच आठवडे. एकेचाळीस माणसं.
डॉक्टर फोन करत होते, मी यादीवर खुणा.
अडतीस जणांचं काही बिघडलं नव्हतं.
दोघं स्पेनला, सुट्टीवर.
आणि मेल्थमचे मिस्टर आर्मिटेज (नाव बदललंय,
खरं मला विसरता येत नाही),
माझा आकडा कमी आला म्हणून
त्यांची गोळी वाढवली होती.
स्पीकरवर आवाज आला, अगदी सौजन्याने:
"हात थरथरतात थोडे. वय झालं समजत होतो.
बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचो,
गेल्या रविवारी जागा सोडली. पोरगा बसवलाय एक."

फॉर्मवर रकाना असतो: मूळ कारण.
माणसाचं नाव लिहू नये, अशी खाली सूचना.
मी लिहिलं.
ग्लेनिसने ते खोडलं, वर लिहिलं: टोपण.
मग डोरीनची उरलेली कुपी पिवळ्या डब्यात टाकता टाकता
म्हणाली, "हिच्या गुडघ्याला आराम पडो."

आर्मिटेजांचा पुढचा आकडा उतरला.
हात थांबले का, जागा परत मिळाली का,
हे कळायची आमच्याकडे सोय नाही.
मशीन हातांचं काही सांगत नाही.

परवा पुन्हा खोकं आलं.
पेन्सिल मी उचलली, नाव पटकन सुचेना.
कुपी रांगेत लावली, एकदाच मोजली, नियमाप्रमाणे.
टोपण मात्र दोनदा बघते.
त्याला कोणी मनाई केलेली नाही.